संगणकीकरणाचे पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म

आपल्या संघटनेने सर्व सभासदांसाठी एकच संगणकप्रणाली विकत घ्यावी, चिकित्सालये व औषधालये तिच्याद्वारे जोडावीत आणि कागदी नोंदवह्यांना एकदाचा निरोप द्यावा, अशी सूचना अलीकडे वारंवार मांडली जाते. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. रुग्णपत्रिकांचे गठ्ठे सांभाळता सांभाळता मेटाकुटीस आलेले वैद्य आणि साठ्याचा मेळ लावता लावता रात्र करणारे औषधालयचालक आपल्यात थोडे नाहीत. तरीही, आज ज्या स्वरूपात ही सूचना पुढे आली आहे त्या स्वरूपात तिला आमचा विरोध आहे. हा विरोध संगणकाला नाही. प्रणाली खरेदी केली की प्रकल्प सुरू झाला आणि देयक चुकते केले की तो संपला, या समजुतीला आहे.

स्नेहन-स्वेदन न करता कोणी वैद्य वमन देत नाही आणि वमन झालेल्या रुग्णास त्याच दिवशी पोटभर जेवावयास सांगत नाही. पूर्वकर्मास दिवस लागतात, संसर्जनक्रमास दिवस लागतात. त्या मानाने प्रधानकर्म एका सकाळीत आटोपते. संगणकीकरणाचेही नेमके असेच आहे. यंत्रे मांडून प्रणाली चालू करणे हे दोन-चार दिवसांचे काम. त्यापूर्वी काही महिन्यांची तयारी आणि त्यानंतर काही महिन्यांची देखरेख हाच प्रकल्पाचा खरा देह होय. व्यवहारात मात्र आपण विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहतो, रंगीत पडद्यावरील आलेख पाहून प्रसन्न होतो, किंमत पाडून घेतो आणि थेट वमन देतो.

सर्वांना एकच प्रणाली देण्याचा याहून कितीतरी मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००२ साली रुग्णनोंदींच्या संगणकीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. खर्चाचा अंदाज पुढे ११ ते १२ अब्ज पौंडांच्या घरात गेला. मोठमोठ्या कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार वरच्या पातळीवरून व अत्यंत घाईने केले गेले. ज्या रुग्णालयांत ती प्रणाली चालावयाची होती त्यांना आणि जे डॉक्टर ती वापरणार होते त्यांना निवडीत फारसा वाव राहिला नाही. रुग्णालयांच्या कामाच्या पद्धती एकमेकींपासून भिन्न होत्या, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी फेरफार करावे लागले आणि मुदती लांबत गेल्या. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये तेथील शासनाने हा कार्यक्रम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यातील काही भाग मात्र टिकले. क्ष-किरण व तत्सम प्रतिमा साठवून हव्या तेथे पाहता येण्याची व्यवस्था त्यांपैकी एक. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. प्रतिमा साठवण्याची गरज सर्वत्र सारखी व स्पष्ट होती. रुग्णाचा वृत्तान्त लिहिण्याची पद्धत तशी नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले एकस्व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ग्रंथाधार दाखवून आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले, हे सर्वांना स्मरत असेल. प्रत्येक वेळी असे भांडत बसण्यापेक्षा आपले ग्रंथस्थ ज्ञान परकीय परीक्षकांना समजेल अशा रूपात मांडावे, या विचारातून २००१ साली पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. येथे आधी प्रणाली विकत घेऊन मग तीत काय भरावयाचे याचा विचार झाला नाही. प्रथम वर्गीकरण तयार केले गेले. श्लोकातील योगाचे द्रव्य, भाग, कृती, उपयोग असे घटक पाडून प्रत्येकास संकेत दिला गेला आणि हे पृथक्करण करावयास संगणकतज्ज्ञ व एकस्वपरीक्षकांच्या जोडीने वैद्य बसले. एकदा संकेतन झाले म्हणताच तीच माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत उपलब्ध करता आली. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय एकस्व कार्यालयास त्याचा वापर करू देण्याचा करार झाला. म्हणजे आठ वर्षे गेली, आणि त्या काळातील मोठा वाटा पडद्यावर न दिसणाऱ्या कामाचा होता.

पडद्यावर न दिसणारे हे काम आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात कोणते, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कारण बहुतेक प्रकल्प येथेच फसतात आणि दोष संगणकावर जातो.

औषधालयात पहिला प्रश्न नावांचा. आमच्या परिचयातील एका औषधालयात प्रणाली सुरू होऊन वर्ष लोटल्यावर साठा जुळेना, म्हणून यादी छापून पाहिली गेली. 'आरोग्यवर्धिनी' तीत सहा प्रकारे होती: ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोनदा, 'वटी' जोडून, 'गुटी' जोडून, 'रस' जोडून आणि रोमन लिपीत. संगणकाच्या दृष्टीने ही सहा औषधे. एकाचा साठा संपलेला दिसे म्हणून नवी मागणी जाई, तर दुसऱ्या नावाखालील डबे फळीवर मुदतीची वाट पाहत राहत. याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे. एकाच नावाचे योग निरनिराळ्या ग्रंथांत भिन्न पाठाने येतात. अशा वेळी नाव एक पण औषधे दोन. म्हणूनच शास्त्रोक्त औषधाच्या नोंदीत ग्रंथाधाराचा रकाना हवा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत अधिकृत ग्रंथांची यादीच दिलेली आहे, तेव्हा हा रकाना भरण्यास अडचण पडू नये. त्याखेरीज निर्मात्याचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख, आणि अनुसूची ई (१) मधील विषद्रव्य योगात आहे की नाही, हेही. चूर्ण, घृत, तैल, आसव-अरिष्ट, रसकल्प यांच्या मुदतीचे नियम वेगवेगळे आहेत. सर्वांना सरसकट एकच कालावधी लावणारी प्रणाली आयुर्वेदीय औषधालयाच्या कामाची नाही, मग तिची किंमत काहीही असो.

निर्मिती करणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. शेड्यूल टीप्रमाणे प्रत्येक बॅचची नोंद ठेवणे त्यांना बंधनकारक आहे आणि ही नोंद संगणकावर असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रणाली लिहिणाऱ्या अभियंत्यास मानपरिभाषा ठाऊक नसते. तोळा ११.६६ ग्रॅमचा की आयुर्वेदिक फॉर्म्युलरीप्रमाणे १२ ग्रॅमचा, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम एवढे कोष्टक दिले की काम झाले असे तो समजतो. मग पाठात एक प्रस्थ द्रव आले की प्रणाली ७६८ मांडते. कुडवापासून पुढील मापांत द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावयाची, म्हणजे येथे १५३६, हे आपल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी शिकवले जाते. पण ते त्या अभियंत्याच्या स्वप्नातही येणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. तसेच घट-वाढीचे. चूर्ण गाळताना काही भाग वाया जातो, अवलेह आटतो, भावनेने वजन वाढते. दुकानाच्या हिशेबासाठी बनवलेल्या प्रणालीला 'आले तितके गेले' एवढेच कळते आणि ती प्रत्येक बॅचमागे तूट दाखवीत राहते. कंटाळलेला कामगार मग आकडा जुळेल असा भरतो. तपासणीच्या दिवशी खोट्या पण जुळणाऱ्या नोंदीपेक्षा खऱ्या तुटीचे स्पष्टीकरण कितीतरी बरे.

चिकित्सालयाकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रणाली आधुनिक वैद्यकाच्या व्यवसायासाठी रचलेल्या असतात. औषधापुढे सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन आणि 'जेवणापूर्वी' किंवा 'जेवणानंतर' एवढीच निवड. प्राग्भक्त, मध्यभक्त, ग्रासांतर, निशि हे भेद कोठे लिहावयाचे? अनुपान कोठे? तीच गुटी मधातून दिली की तुपातून, यावर ज्याच्या चिकित्सेची दिशा ठरते त्या वैद्याला 'शेरा' नावाच्या एका लहानशा रकान्यात सर्व कोंबावे लागते. पाच वर्षांनी, कोणत्या अनुपानाने किती रुग्णांना उपशय मिळाला हे शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण शेऱ्यातील मजकूर मोजता येत नाही. निदानाचेही तसेच. आज साम असलेला रुग्ण आठ दिवसांनी निराम होतो आणि चिकित्सा पालटते. प्रणालीत मात्र निदानाचा रकाना एकदा भरला की कायम.

व्याधिनामांच्या बाबतीत आता सबब उरलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर २०१७ पासून प्रमाणित संज्ञा व संकेत उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानांसाठीचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत प्रसिद्ध केला. नवी प्रणाली घेणाऱ्याने हे संकेत तीत बसतात की नाही, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर कोरेपणा दिसला तर उत्तर मिळाले असे समजावे.

पूर्वकर्मात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे जुन्या नोंदी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील दहा वर्षांत ज्यांनी मराठीत रुग्णपत्रिका टंकित केल्या, त्यांनी त्या त्या काळी उपलब्ध असलेल्या निरनिराळ्या टंकांत केल्या. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या या फायली आज उघडल्यास ज्वराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसतो. अक्षरांतर करता येते, परंतु जोडाक्षरे व रफार तपासण्यास मराठी आणि आयुर्वेद दोन्ही जाणणारा मनुष्य लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात 'जुनी माहिती हस्तांतरण' अशी एक ओळ असते. ती एक ओळ कित्येकदा सर्वांत महाग पडते. सर्वच जुने आणावयाचे की गेल्या तीन वर्षांत परत आलेल्या रुग्णांचेच, हे आधी ठरवले तर हा खर्च बराच खाली येतो.

प्रकल्प लांबला की माणसे वाढवा असा आग्रह धरला जातो. आयबीएममधील प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की रेंगाळलेल्या कामावर नवी माणसे आणली तर ते अधिकच रेंगाळते, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. आपल्या आकाराच्या कामात त्याहून सोपा उपाय आहे: व्याप्ती कमी करावी. प्रथम केवळ साठा व बिले. ते सुरळीत चालले की रुग्णपत्रिका. दोन्ही एकदम नको.

मुहूर्ताविषयीही दोन शब्द. पाडव्यास किंवा दसऱ्यास आरंभ करण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण दसरा-दिवाळी म्हणजे उटणे, अभ्यंग तेल आणि च्यवनप्राशाची गर्दी. त्या दिवसांत काउंटरवरच्या मुलाला नवीन पडदा देऊन उभे करणे हे त्याच्यावर व ग्राहकांवर अन्याय करणारे आहे. श्रावणात सुरू करावे आणि दसऱ्याला नोंदवही बंद करावी. मधल्या काळात वही व संगणक दोन्ही चालवावीत. दुहेरी कामाचा त्रास होतो, लोक कुरकुरतात, तरी प्रत्येक महिनाअखेरीस प्रत्यक्ष मोजणी, वही आणि संगणक यांचे तीन आकडे शेजारी मांडल्याशिवाय वही सोडू नये. पेया, विलेपी, यूष हे टप्पे घेतल्यावरच प्रकृत आहार, येथेही तसेच. आणि वही सोडल्यावरही हाताने काम करण्याची सवय पूर्णपणे मोडू देऊ नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस तेथील नोंदणी कागदावर चालवावी लागली होती. एवढ्या मोठ्या संस्थेवर जी वेळ आली ती आपल्यावर येणार नाही असे मानण्यास आधार नाही. रोजची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का हे पाहणे, इतके तरी प्रत्येकाने करावे.

आता शेवटाकडे येऊ. ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला तो हाच. प्रत्येक प्रणालीला अंत असतो. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. करपद्धती बदलते: महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दर पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी कोणाची तरी प्रणाली कालबाह्य झाली आणि बदल करून देण्यास विक्रेता जागेवर असेलच असे नव्हते. आमच्या माहितीतील एका वैद्यांची चौदा वर्षांची रुग्णनोंद अशा रीतीने अडकून पडली. प्रणाली बनवणाऱ्याने व्यवसाय बंद केला, नोंदी त्याच्याच विशिष्ट स्वरूपात होत्या, आणि यंत्र बिघडल्यावर त्या उघडणारे दुसरे साधन मिळेना. हल्ली दरमहा भाडे भरून दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणाली लोकप्रिय आहेत. त्यांत भाडे थांबले की दार बंद. दाराआड काय राहिले, हे करारात लिहिलेले नसेल तर विचारणार कोणाला?

म्हणून कराराच्या पहिल्या पानावर शेवट लिहून घ्यावा. नोंदी आमच्या मालकीच्या आहेत. मागताक्षणी त्या कोणत्याही साध्या कोष्टक-प्रणालीत उघडतील अशा रूपात, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, विनामूल्य द्याव्या लागतील. करार संपल्यावर अमुक दिवसांत तुमच्याकडील प्रत नष्ट करून तसे लेखी कळवावे लागेल. हे लिहिलेले पुरेसे नाही. अखेरचा हप्ता देण्यापूर्वी एकदा सर्व नोंदी बाहेर काढून, दुसऱ्या यंत्रावर उघडून, दहा रुग्णपत्रिका वाचून पाहाव्यात. हप्ता हातात आहे तोवरच विक्रेत्याचा दूरध्वनी लागतो.

यात कायद्याचाही भाग आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी रुग्णाप्रती असलेली जबाबदारी ती गोळा करणाऱ्याची, म्हणजे आपली राहते, असे त्याचे तत्त्व आहे. संघटनेने सर्वांची माहिती एका सर्व्हरवर आणली तर ही जबाबदारी कोणाची ठरेल? वैद्याची, संघटनेची की पदाधिकाऱ्यांची? सामायिक प्रणालीची सूचना करणाऱ्यांनी याचे उत्तर अद्याप दिलेले नाही.

यावर असा आक्षेप येईल की एवढी तयारी लहान गावातील एकट्या वैद्याने कशी करावी. आक्षेप रास्त आहे आणि येथेच संघटनेचे काम सुरू होते. संघटनेने प्रणाली विकत घेऊ नये. तिने नामसूची करावी. नित्य वापरातील औषधांची एकच प्रमाण लेखनरूपे, ग्रंथाधार, कल्पना, मुदतीचा नियम व ई (१) ची खूण यांसह; मानपरिभाषेचे कोष्टक द्रवद्वैगुण्यासह; सेवनकाल व अनुपानांची यादी; नमस्ते संकेतांना जोडलेली व्याधिनामे; आणि वर सांगितलेल्या अटींचा एक मसुदा करार. हे सर्व युनिकोडमध्ये, साध्या कोष्टकात, प्रत्येक सभासदास मोफत. मग ज्याला जी प्रणाली परवडेल ती त्याने घ्यावी, विक्रेत्यापुढे ही सूची ठेवावी आणि 'हिच्यासह चालते का' एवढेच विचारावे. ज्याला प्रणाली नकोच असेल, आणि दिवसाला पंधरा रुग्ण पाहणाऱ्या वैद्याला ती नको असणे यात गैर काही नाही, त्याच्या कागदी नोंदवहीतही हीच नावे राहतील.

या कामास पैसा फारसा लागणार नाही, माणसे लागतील. रसशास्त्र व भैषज्यकल्पना शिकवणारे दोन अध्यापक, निर्मिती करणारा एक, किरकोळ विक्री करणारे दोन, खेड्यात व शहरात व्यवसाय करणारे एकेक वैद्य आणि संगणकाची जाण असलेला एखादा तरुण पदवीधर, असे आठ जण सहा महिने दर पंधरवड्याला बसले तर पहिली सूची तयार होईल. सामायिक प्रणालीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आला, तर त्याऐवजी या समितीचा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या सभासदांकडे साठ्याची यादी आधीच संगणकावर आहे त्यांनी ती आहे तशी, चुकांसकट, संपादकांकडे पाठवावी. नावांची किती रूपे प्रचारात आहेत ते तिच्यावरूनच कळेल.